रोमन काळात साधा ख्रिस्ती माणूस रोज जगत कसा होता? (सिंह वगळून)

भटकी_वैशाली

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात इटलीला जाऊन आले, ग्रुप टूर होती, म्हणजे पहाटे सहाला उठा आणि रात्री दहाला पनीर. कोलोसियम बघताना आमचा गाइड हात नाचवून नाचवून सांगत होता की इथे हजारो ख्रिश्चनांना सिंहांपुढे टाकलं, आत एक मोठा क्रॉसपण उभा केलाय, सगळ्यांनी च्च च्च केलं, फोटो काढले आणि बसमधे जाऊन बसलो. माझ्या डोक्यात मात्र एक भुंगा शिरला तो अजून गेलेला नाही. सिंहापुढे गेले त्यांचं ठीक आहे (म्हणजे ठीक नाही, पण कळलं). जे नाही गेले त्यांचं काय? समजा मी तेव्हाची बाई आहे, नवरा चपला शिवतो, दोन पोरं आहेत आणि आम्ही ख्रिस्ती झालोय. मग सकाळी उठल्यापासून काय काय होणार? शेजारपाजारी माहीत असायचं का? बाजारात कोणी बोलायचं का? सण आला की कुठे तोंड लपवायचं? इथे इतिहासवाले आहेत आणि ख्रिस्ती मंडळीही आहेत म्हणून विचारते. सिंह वगळून सांगा.

तिरकस

सिंह वगळून म्हणजे सारण वगळून मोदक. असो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पुरातन

वैशालीताई, आधी तुमच्या गाइडचा हिशोब चुकता करतो. ख्रिस्ती लोकांवरचा पहिला मोठा कहर नीरो बादशहाच्या काळात, रोमला आग लागली ते इ.स. ६४. कोलोसियमचं उद्घाटन ८० साली. नीरोच्या वेळी तिथे त्याच्या महालाचं तळं झालं, इमारत नंतरची. टॅसिटस हा रोमन इतिहासकार लिहितो की त्यांना जनावरांची कातडी पांघरवून कुत्र्यांकडून फाडवलं, क्रुसावर चढवलं आणि अंधार पडल्यावर दिव्यांसारखं जाळलं, हे सगळं नीरोच्या बागेत. कुत्रे होते, सिंह नव्हते. पुढच्या काळात श्वापदांपुढे टाकलं हे खरंच आहे, पण ते रोममधल्या याच इमारतीत घडलं याला त्या काळातला धड पुरावा नाही. ती जागा रक्तसाक्ष्यांची (धर्मापायी मेलेल्यांची) म्हणून पवित्र ठरवली ती १७४९ मधे, पोप चौदाव्या बेनेडिक्टने.

आता मुख्य गोष्ट. ६४ पासून २४९ पर्यंत अख्ख्या साम्राज्यात मिळून ख्रिस्ती लोकांना धरा असा एकही हुकूम निघालेला नाही. जे झालं ते गावोगावी, कधी इथे कधी तिथे, मधे चाळीस वर्षं काहीच नाही. ओरिजेन हा ख्रिस्ती पंडित, ज्याचा बापच धर्मापायी मारला गेला होता, तोच लिहितो की असे मेलेले लोक थोडे आहेत, सहज मोजता येतील एवढे. (हे लिहिलं आणि दोनेक वर्षांत नवा बादशहा आला आणि म्हाताऱ्या ओरिजेनला स्वतःला तुरुंगात खोड्यात अडकवून हाल केले, ते वेगळं.) तर तुमच्या चप्पलवाल्याला सिंहाची भीती कमी आणि शेजाऱ्याची जास्त.

खवट_कोकण्या

आता मी बोललो की सगळे अंगावर येणार, तरी बोलतो. रोमन लोक धर्माच्या बाबतीत आपल्यासारखेच होते हो. इजिप्तची इसिस आली, या बाई बसा. पूर्वेकडून मिथ्र आला, घ्या जागा. ज्याला जो देव हवा तो पुजा, फक्त गावच्या देवाला आणि बादशहाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाका एवढंच मागणं. त्यात काय जात होतं? हे लोक आडमुठेपणा करायला लागले की तुमचे देव देवच नाहीत, मग गाव चिडणार नाही का? गावात रोगराई आली, पाऊस नाही पडला, की लोक बोट कोणाकडे दाखवणार?

तिरकस

यावर टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाचं उत्तर १९७ सालीच देऊन झालंय. टायबरला पूर आला, नाईलला पूर नाही आला, भूकंप झाला, दुष्काळ पडला की लगेच ओरडा, ख्रिश्चनांना सिंहापुढे टाका! आणि पुढे विचारतो, एवढ्या सगळ्यांना, एकाच सिंहापुढे?

सॉरी, सिंह आलाच.

वकीलसाहेब

खवटराव, रोमन सहिष्णुतेचं एवढं कौतुक नको. इ.स.पू. १८६ मधे बाकस या मद्याच्या देवाच्या भक्तांचं काय केलं ते वाचा, सिनेटने हजारो लोकांना धरलं होतं. रात्री जमणारी, आपसात शपथा घेणारी मंडळी दिसली की रोमन सरकारच्या पोटात गोळा यायचा. ख्रिस्ती लोक बरोबर त्याच खाच्यात बसले.

कायद्याच्या अंगाने सगळ्यात भारी कागद म्हणजे धाकट्या प्लिनीचं पत्र, साधारण ११२ सालचं. हा बिथिनियाचा गव्हर्नर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा काळ्या समुद्राकडचा भाग. याच्यापुढे ख्रिस्ती म्हणून लोक आणून उभे केले आणि याला कळेना गुन्हा नेमका कोणता लावायचा. तो त्राजान बादशहाला विचारतो, नुसतं नावच गुन्हा धरायचा का त्या नावाखाली केलेली कृत्यं? तोवर त्याने पद्धत बसवली होती. तीनदा विचारायचं, ख्रिस्ती आहेस का, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी शिक्षेची धमकी द्यायची, तरी हो म्हणाला तर मृत्युदंड. कारण काय तर काहीही असो, एवढा हट्टीपणा शिक्षेला पात्रच आहे. रोमन नागरिक असेल तर रोमला रवाना. नाही म्हणाला तर देवांचं नाव घे, बादशहाच्या मूर्तीपुढे धूप आणि वाइन ठेव, ख्रिस्ताला शिव्या दे, आणि घरी जा.

त्यात एक निनावी यादीपण आली होती, बिनसहीची, भरपूर नावं असलेली. त्राजानने कळवलं की निनावी अर्ज अजिबात घ्यायचे नाहीत, आपल्या काळाला ते शोभत नाही. आणि यांना शोधायला जाऊ नका, पण कोणी रीतसर तक्रार करून सिद्ध केलं तर शिक्षा द्या. आता हा न्याय बघा. शोधायचं नाही म्हणजे निर्दोष, आणि सापडला तर मारायचा म्हणजे दोषी. यावरसुद्धा टर्टुलियनने पुढे यथेच्छ तोंडसुख घेतलंय.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर असं की तुम्ही वर्षानुवर्षं सुखाने जगू शकत होता, जोपर्यंत कोणाशी तुमचं भांडण होत नाही तोपर्यंत. नळावरचं भांडण म्हणा, उधारीचं म्हणा. ज्याच्याशी बिनसलं त्याच्या हातात एक पत्ता कायम.

वसईची_वाट

वकीलसाहेबांनी प्लिनी आणला ते बरं केलं, त्यातलं माझं आवडतं राहून गेलं ते सांगते. या लोकांचं चालतं काय हे कळावं म्हणून त्याने दोन दासींना छळून जबानी घेतली, त्या मंडळीत सेविका होत्या. निघालं काय? ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतो, ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतो, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, ठेव बुडवणार नाही अशी शपथ घेतो, मग पांगतो आणि पुन्हा जमून जेवतो, साधंच जेवण. एवढंच. नावंसुद्धा लिहिली नाहीत बिचाऱ्यांची.

उजाडायच्या आत का? कारण रविवारची सुट्टी नव्हती! ती कॉन्स्टंटाइन बादशहाने दिली ३२१ साली, तीपण शेतकऱ्याला नाही. त्याआधी रविवार म्हणजे कामाचा वार. आमच्याकडे पहाटेच्या मिस्साला बायका डोळे चोळत जायच्या आणि तिथून तशाच भाजीची टोपली घेऊन गाडी पकडायच्या, मला तेच चित्र दिसतं.

आणि खवटदादा, चिमूटभर धूप टाकायला काय जात होतं? काहीच जात नव्हतं तर मागणाऱ्याला एवढं का हवं होतं?

खवट_कोकण्या

मावशी, हा टोला मान्य.

भटकी_वैशाली

वा, धाग्याने वेग घेतला. बाजाराचं सांगा ना कोणीतरी. आणि नवऱ्याच्या धंद्याचं. देवळातल्या पुजाऱ्याने चपला शिवायला टाकल्या तर घ्यायच्या का?

पुरातन

चपला चालतील बहुतेक. टर्टुलियनने अशा धंद्यांचा कीस काढलाय. मूर्ती घडवणारा नको, धूप विकणारा नको, ज्योतिषी नको. शाळामास्तरसुद्धा नको, कारण देवादिकांच्या गोष्टी शिकवाव्या लागतात आणि मिनर्व्हा या विद्येच्या देवीच्या सणाची दक्षिणा घ्यावी लागते. पण सगळे एवढे कडक नव्हते. तिसऱ्या शतकाच्या आसपासची एक नियमावली आहे, तीत म्हटलंय की मास्तराने शक्यतो सोडावं, पण दुसरा धंदा येत नसेल तर चालेल.

तिरकस

म्हणजे मास्तरांची अवस्था तेव्हापासूनच अशी आहे.

पुरातन

आणि वैशालीताई, तुमच्या नवऱ्याचा उल्लेख चक्क सापडतो. सेल्सस नावाचा ग्रीक विद्वान, १७८ च्या सुमाराचा, ख्रिस्ती लोकांची टर उडवताना म्हणतो की हे कोण तर लोकर विंचरणारे, चांभार, कपडे धुणारे, अडाणी गावठी लोक, मालकासमोर तोंड उघडत नाहीत पण घरात पोरं आणि बायका एकट्या गाठून ज्ञान पाजळतात. वर पोरांना सांगतात बापाचं आणि मास्तरांचं ऐकू नका, आमच्याबरोबर चपलांच्या दुकानात चला, तिथे सगळं शिकवतो.

भटकी_वैशाली

अय्या! मी सहज चप्पलवाला म्हटलं होतं!!

वसईची_वाट

बाजाराचं मी सांगते. मोठा घोळ मटणाचा. खाटकाकडे येणारं पुष्कळसं मटण देवळात बळी दिलेल्या जनावराचं असायचं. मग ते खायचं की नाही? ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत (म्हणजे तिथल्या चर्चमधे) यावरून एवढी भांडणं झाली की संत पौलाला पत्रात लिहावं लागलं, ५० च्या दशकात. आपल्या मराठी बायबलमधे तिथे शब्दच "नैवेद्य" आहे, मूर्तीला दाखवलेला नैवेद्य. पौल म्हणतो बाजारात जे विकतं ते काही न विचारता खा. शेजाऱ्याने जेवायला बोलावलं तर जा, वाढेल ते खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की बाबा हा नैवेद्याचा आहे, तर खाऊ नका, तुमच्यासाठी नाही, त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी.

आता हे वाचून आमच्या आळीतला गणपतीचा मोदक आठवणार नाही असा वसईकर दाखवा.

नगरी_मिसळ

मावशी, मोदकावर आमचं घर उभं फुटलं होतं. आम्ही नगरकडचे प्रोटेस्टंट. माझी आजी शेजारच्या काकूंनी आणलेला प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायची, काकूंची वाटी रिकामी पाठवायची नाही म्हणून त्यात साखर घालून परत द्यायची, आणि काकू वळल्या की प्रसाद गाईला. माझे वडील म्हणायचे हा ढोंगीपणा आहे, एकतर खा नाहीतर नाही म्हणा. आजी म्हणायची नाही म्हणायला तोंड लागतं आणि ते तोंड उद्या पुन्हा काकूंना दाखवायचंय. मी बायबल कॉलेजात जेव्हा ते करिंथकरांचं पत्र शिकलो तेव्हा वाटलं पौलाला सगळं कळलं होतं पण गाय सुचली नाही.

पापलेटप्रेमी

मासे खायचे ना सरळ. त्यांची खूणच मासा होती म्हणे, वाळूत अर्धा मासा काढायचा, दुसऱ्याने उरलेला अर्धा काढला की ओळख पटली. आणि कॅटकोंबमधे लपून राहायचे.

पुरातन

मासा होता, "येशू ख्रिस्त देवाचा पुत्र तारणारा" याची ग्रीक आद्याक्षरं जोडली की मासा हा शब्द होतो. वाळूतल्या अर्ध्या माशाची गोष्ट मात्र त्या काळच्या एकाही कागदात नाही. आणि कॅटकोंब ही दफनभूमी. रोमन कायद्याप्रमाणे प्रेतं शहराबाहेर, तिथे मऊ दगड खोदून थरावर थर केलेले. हजारो मढ्यांमधे कोण राहील? आणि सरकारला पत्ता ठाऊकच होता. लोक जायचे ते आपल्या माणसांच्या थडग्यावर, वर्षश्राद्धाला जेवायला वगैरे.

पापलेटप्रेमी

लहानपणीचं एक एक खोटं निघत चाललंय.

कनेक्टिकटची_काकू

लपण्यावरून एक सांगते. इथे न्यू हेवनला येलच्या म्युझियममधे दुरा-युरोपस नावाच्या गावातले तुकडे ठेवलेत. सिरियात युफ्रेटिसच्या काठी रोमन छावणीचं गाव, २५६ च्या सुमारास इराणी सैन्याने घेतलं आणि ओस पडलं. वेढ्याच्या वेळी तटाला आतून बळकटी म्हणून लगतच्या घरांमधे माती भरली होती, त्यामुळे ती घरं तशीच राहिली. त्यातलं एक घर म्हणजे ख्रिस्ती लोकांची जमायची जागा. साधं अंगणाचं घर, दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठी खोली केलेली, आणि एका कोपऱ्यातल्या खोलीत बाप्तिस्म्याचा हौद, भिंतीवर मेंढपाळ, पाण्यावर चालणारा येशू. चित्रकला बेताचीच, खरं सांगायचं तर. मी समोर उभी राहिले तेव्हा वाटलं ही तर आपल्या बिल्डिंगमधली सोसायटीची खोली. आणि त्याच रस्त्यावर थोडं पुढे यहुदी सिनेगॉग, जवळपास मिथ्राचं देऊळ. भिंत पाडायला गवंडी आला असेल, धूळ उडाली असेल, शेजाऱ्याला नक्की कळलं असणार हो! गुपित कसलं.

लेखाजोखा

उशिरा आलो, मार्चएंड. मी सरकारी नोकर, कागद हा माझा प्रांत, आणि पुरातनरावांनी २४९ म्हणून जिथे सोडलं तिथे तर कागदच कागद. डेसियस बादशहा गादीवर आला आणि फर्मान काढलं की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवाला बळी अर्पण करायचा आणि केल्याचा दाखला घ्यायचा. ख्रिस्ती हा शब्द त्या दाखल्यांत कुठेच नाही, सगळ्यांनाच लागू. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले सापडलेत, २५० सालच्या जून-जुलैचे. मजकूर ठरलेला छापील फॉर्मसारखा. मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे आणि आता आपल्यासमक्ष फर्मानाप्रमाणे वाइन ओतली, बळी दिला आणि प्रसाद चाखला, तरी तसा दाखला मिळावा ही विनंती. खाली समितीच्या सह्या.

एक आहे ऑरेलियस डायोजेनिस, सताबूसचा मुलगा, वय ७२, आणि पुढे लिहिलंय उजव्या भुवईवर व्रण. ओळखचिन्ह! अरे आपल्या शाळेच्या दाखल्यावर, पासपोर्टवर हेच तर लिहायचे. मी ते वाचून पाचेक मिनिटं नुसता बसून होतो. बहात्तर वर्षांचा म्हातारा, उन्हात, लायनीत, भुवईवरची जखम कारकुनाला दाखवतोय.

दुसरा दाखला एका पुजारणीचा आहे, मगरीच्या रूपातल्या देवाची पुजारीण. तिलाही आणावा लागला!

तिरकस

म्हणजे ज्योतिबाच्या गुरवाला ज्योतिबाला मानतो असा दाखला आणायला लावायचा. तीन प्रतीत, साक्षांकित.

लेखाजोखा

हसू नका, मी असे प्रकार टेबलावर बघितलेत. आणि जिथे दाखला तिथे दलाल. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी न देताच पैसे चारून दाखला विकत घेतला. यांचं काय करायचं यावरून नंतर मंडळ्यांमधे रण माजलं. बळी देणारे वेगळे, नुसता धूप टाकणारे वेगळे, नुसता कागद घेणारे वेगळे, तिघांना प्रायश्चित्त वेगवेगळं. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन या सगळ्यात लिहितो की आमच्या लोकांना धरून न्यावंच लागलं नाही, आपल्या पायाने पळत गेले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी म्हणतात उद्या या, तर हे विनवण्या करतात की आजच उरका.

खवट_कोकण्या

सिप्रियन स्वतः कुठे होता तेव्हा?

पुरातन

लपून बसला होता. :) लोकांनी तेव्हाही हेच विचारलं. तिथून पत्रं लिहून कारभार चालवत होता. आठ वर्षांनी, २५८ मधे, पुन्हा वेळ आली तेव्हा पळाला नाही, मान कापली गेली. दरम्यान गंमत अशी की जे तुरुंगात टिकून राहिले त्यांना एवढा मान आला की ते माघार घेतलेल्यांना माफीच्या चिठ्ठ्या वाटायला लागले, आणि चिठ्ठीवर "अमुक आणि त्याची मंडळी". मंडळी म्हणजे किती? वीस, तीस? सिप्रियनचा नुसता जळफळाट.

अनामिका_के

सगळी पुरुषमंडळी कागदात रमलीत. वैशालीने बाईचं विचारलं होतं.

टर्टुलियनचं नाव इथे तीनदा आलं, त्याचंच बायकोसाठी लिहिलेलं एक लिखाण आहे. त्यात तो सांगतो की ख्रिस्ती बाईने बिगरख्रिस्ती नवरा का करू नये. उपास असला की नेमकी त्या दिवशी नवरा मेजवानी ठेवणार. रात्रीच्या प्रार्थनेला बाहेर कसा सोडणार? गल्लीबोळातल्या गरिबांच्या झोपड्यांमधे जाऊन दे म्हणेल का? तुरुंगात शिरून कैद्याच्या साखळीचं चुंबन घ्यायला पाठवेल? आणि जेवणाआधी गुपचूप तोंडात काय टाकतेस, अंथरुणावर हाताने कसली खूण करतेस, विचारणार नाही? त्याला लग्न मोडून काढायचं होतं, पण वाचताना उलटंच होतं. अशा कितीतरी बायका हे सगळं करत होत्या म्हणून तर त्याला एवढं बारीक माहीत. हे मला नीरोपेक्षा खरं वाटतं. भाकरीचा पवित्र तुकडा कपड्यात बांधून ठेवलेला, नवरा झोपलाय, दाराची कडी.

आणि पर्पेतुआ. कार्थेज, २०३ साल, वय बावीस, चांगल्या घरची, अंगावर पिणारं बाळ. तिने तुरुंगात स्वतः लिहिलेलं आपल्यापर्यंत आलंय, त्या काळातल्या बाईच्या हातचं असं किती असेल. धर्माबद्दल थोडं आणि बाळाबद्दल जास्त आहे. बाळ उपाशी म्हणून जीव तुटतोय, मग बाळाला तिच्याजवळ ठेवायला दिलं तर लिहिते तुरुंग एकदम महाल झाला. म्हातारा बाप येतो, तिच्या हाताचे मुके घेतो, पाया पडतो, रडतो, तिला मुलगी न म्हणता बाईसाहेब म्हणतो. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघ म्हणतो. न्यायालयात तो मधे पडला तर त्यालाच छडीने मारलं, आणि ती लिहिते की मलाच मारल्यासारखं लागलं. शिक्षा ऐकल्यावर बाप बाळ परत द्यायला तयार नाही. आणि मग एक ओळ, की बाळाने पुन्हा दूध मागितलं नाही आणि माझी छातीही दाटली नाही. ज्या बाईने पाजलंय तिला ही ओळ कळेल.

खवट_कोकण्या

बाळाची आई म्हणून एवढी जीव तोडते तर चिमूटभर... नाही, ते परत म्हणत नाही. पण त्या बापाची बाजू कोणी मांडत नाही हो. मी बाप आहे. माझी मुलगी असती तर मीपण तेच केलं असतं आणि वर धर्म, देव, बादशहा सगळ्यांना शिव्या घातल्या असत्या.

अनामिका_के

तिनेच मांडली ना. मरायच्या तोंडावर दोन-चार पानं लिहायला मिळाली आणि त्यात बापाचा मार लिहून ठेवला.

नगरी_मिसळ

(पुसलेला प्रतिसाद)

नगरी_मिसळ

लिहून पुसलं. आमच्या पणजोबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या आईने काय केलं ते लिहिलं होतं. राहू दे.

वकीलसाहेब

विषयांतर थोडं. यांच्यावरचे आरोप बघा कसे. रात्री जमतात, "हे माझं शरीर, हे माझं रक्त" म्हणतात म्हणजे मूल मारून खातात. एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात आणि मुके घेतात म्हणजे सख्ख्या भावाबहिणींचे संबंध. देवाची मूर्ती नाही म्हणजे नास्तिक. होय, नास्तिक! आणि रोममधे पॅलाटाइन टेकडीवर एका भिंतीवर कोरलेलं सापडलंय, क्रुसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, बाजूला हात वर केलेला पोरगा, खाली लिहिलंय अलेक्सामेनोस देवाची पूजा करतोय. वर्गातल्या बाकावर आपण करायचो तसलं.

तिरकस

व्हॉट्सॅप नसताना एवढी प्रगती.

खवट_कोकण्या

शेवटचा मुद्दा काढतो आणि झोपतो. ३९१ मधे थिओडोसियस या ख्रिस्ती बादशहाने देवळातल्या पूजेवर बंदी आणली. म्हणजे ३११-१३ ला ख्रिस्ती लोकांची छळातून सुटका झाली आणि ऐंशी वर्षांत दुसऱ्यांची देवळं बंद. तेव्हा जुन्या देवांच्या माणसाने रोज कसं जगायचं, हा पण धागा काढा कोणीतरी.

वसईची_वाट

काढा. मी येईन त्यावर, आणि तुमच्या बाजूने लिहीन.

लेखाजोखा

वैशालीताईंच्या नवऱ्याकडे परत येतो. ३०३ साली डायोक्लेशियन बादशहाचं फर्मान, चर्च पाडा, धर्मग्रंथ जमा करून जाळा. सिर्ता नावाच्या गावी (आजचं अल्जीरियातलं कॉन्स्टंटिन) १९ मे ला नगरप्रमुख फौजफाटा घेऊन ख्रिस्ती लोकांच्या घरी गेला आणि जप्ती केली, तिचा पंचनामा शब्दशः उरलाय. सोन्याचे पेले २, चांदीचे ६, चांदीचे दिवे ७, पितळेचे साखळीवाले दिवे ११. मग बायकांचे झगे ८२, डोक्यावरची वस्त्रं ३८, पुरुषांचे झगे १६, पुरुषांची पायताणं १३ जोड, बायकांची ४७ जोड. गरिबांना वाटायचा साठा असणार. पुरुषांच्या तेरा आणि बायकांच्या सत्तेचाळीस, यावरून मंडळीत खरी गरज कोणाची होती ते कळतं. रोमच्या मंडळीतपण २५१ च्या पत्राप्रमाणे पंधराशेच्या वर विधवा आणि गरजू पोसले जात होते.

मग पुस्तकांसाठी घरोघर. कोडेओ नावाच्या माणसाच्या घरी पोचले तर त्याच्या बायकोने सहा पुस्तकं आणून दिली. साहेब म्हणतात अजून असतील, बघ. सरकारी गुलाम आत जाऊन येतो आणि सांगतो, शोधलं, मिळालं नाही. एवढंच. ती बाई खरंच सगळी देऊन बसली का एखादं पिठाच्या डब्यात होतं, पंचनाम्यात नाही.

भटकी_वैशाली

४७ जोड माझ्या नवऱ्याने शिवले. ठरलं.

पुरातन

मग एक इजिप्तचा कागद घ्या, ३०४ सालचा. एका खेड्यातल्या चर्चचा वाचक (धर्मग्रंथ वाचून दाखवणारा), ऑरेलियस अमोनियस, शपथेवर लिहून देतो की आमच्या माजी चर्चकडे सोनं नाही, चांदी नाही, पैसे नाहीत, कपडे नाहीत, जनावरं नाहीत, गुलाम नाहीत, जमीन नाही. पुस्तकांचं नावच नाही. आणि खाली सही दुसऱ्याची, कारण "याला लिहिता येत नाही". वाचक!

तिरकस

ऑरेलियसभाऊंना दंडवत.

लेखाजोखा

अशी उत्तरं देणारे अर्जदार आमच्याकडे रोज येतात, आणि मी मुकाट्याने शिक्का मारतो.

भटकी_वैशाली

सगळ्यांचे आभार. म्हणजे पहाटे उठायचं, मटणाचं विचारायचं नाही, शेजारणीशी भांडायचं नाही. शेवटचं विचारते, सरकारदरबारी काम पडलं तर? कोर्टकचेरी? तिथे तर धूप टाकावाच लागणार.

वकीलसाहेब

लागायचाच, निदान त्या काही वर्षांत. इजिप्तमधे ऑक्सिरिंकसला एक पत्र सापडलंय, कोप्रेस नावाच्या माणसाने बायकोला, सरापियासला, लिहिलेलं. जमिनीच्या दाव्यासाठी परगावी गेलाय. तिथे कळलं की कोर्टात उभं राहणाऱ्याला आधी बळी द्यायला लावतात. मग काय केलं? भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं. बळी नाही, सिंह नाही, दावा चालू. वकीलपण लावला. आणि हे सगळं बायकोला दोन ओळीत सांगितलंय, जणू बस चुकली म्हणून रिक्षा केली. पत्राच्या शेवटी नुसता एक आकडा आहे, ९९. ग्रीक अक्षरांना किमती असतात, आमेन या शब्दाच्या अक्षरांची बेरीज ९९ होते.

वसईची_वाट

९९